अवसेचा सांधा

सरस कशापासून करतात ते आधी सांगून टाकतो, म्हणजे पुढं कुणी नाक धरून म्हणायला नको की म्हाताऱ्यानं सांगितलं नाही. जनावराची हाडं आणि कातडी उकळून जो चिकटा निघतो तो वाळवला की त्याच्या काळपट पिवळ्या वड्या होतात. त्या भिजत घालायच्या, डब्यात टाकायच्या आणि तो डबा दुसऱ्या पाण्याच्या भांड्यात ठेवून शिजवायचा. त्याच्यानं लाकडाला लाकूड चिकटतं. आमच्या घरात चुलीवर बाजरीची भाकरी आणि शेजारच्या वैलावर सरस, असं बारा महिने चालायचं. पाहुणा दारातच थबकायचा. त्याला वाटायचं, घरात काहीतरी मेलंय आणि यांना अजून पत्ता नाही. आम्हाला वास यायचाच नाही. लग्न होऊन ही घरात आली तेव्हा पहिले आठ दिवस हिनं पदर नाकाला लावून भाकऱ्या थापल्या. आईला वाटलं, सून लाजाळू आहे. गावभर सांगत सुटली की आमच्या सुनेचं तोंड अजून कुणी धड बघितलं नाही. नवव्या दिवशी पदर खाली आला, आणि ते तोंड जे सुटलं ते गेल्या पौषापर्यंत सुटलेलंच होतं. आता बंद आहे. भेटायला येणारे म्हणतात, घर कसं शांत शांत वाटतं. मी म्हणतो, घाला चुलीत ती शांतता.

हे मी वाकडला लिहितोय, पोराच्या अकराव्या मजल्यावरच्या फ्लॅटात. इथं चूलही नाही आणि सरसही नाही. सूनबाई म्हणाली, बाबा, आईंच्या आठवणी लिहून ठेवा, मन रमेल. मी चौथीत दोनदा बसलेला माणूस. मन रमत नाही, पण रिकाम्या हाताची सवय नाही, म्हणून लिहितो. आठवणी म्हणजे तरी काय, हिच्या अर्ध्या आठवणी मला शिव्या घातलेल्याच आहेत. त्यातली एक मात्र विमानाची आहे, ती कुणाकडं नसणार.

आम्ही कुरुळीचे सुतार. आता तिथं गेलात तर कंपन्यांची गोदामं, कंटेनर आणि कामगारांच्या खोल्या दिसतील. तेव्हा ज्वारी, कांदा आणि धूळ होती. माझा बाप, त्याला आम्ही आबा म्हणायचो, नांगर, बैलगाड्या, दारं आणि खाटा करायचा. आबांच्या हातची खाट तीन पिढ्या मोडली नाही, आणि उचलायला चार माणसं लागायची. वस्तू चांगली आहे का, हे आबा ती उचलून ठरवायचे. जड लागली की चांगली. माझं वय एकोणीस-वीस, लग्न ताजं, आणि आबांच्या हाताखाली रंधा मारायचा. सकाळी जाग यायची ती रंध्याच्या आवाजानं. त्यात लाकूड तासणाऱ्या वाकसाचे घाव, आईचा खोकला, सरसाच्या डब्याची बुडबुड. न्याहारीला हुलग्याचं माडगं असायचं. ते आणि सरस दिसायला सारखंच. एकदा घाईत मी चुकीच्या भांड्यात पळी घातली होती, पण ते जाऊ द्या.

अशा घरात एक दिवस गद्रे साहेब आले. भोसरीच्या एमआयडीसीत त्यांचं लहानसं वर्कशॉप होतं. माणूस चाळिशीचा, बिनलग्नाचा, काटकुळा, आणि बोलणं असं भरभर की ऐकणाऱ्याला धाप लागावी. स्कूटर लावून सरळ आबांपुढं उभे राहिले.

"मामा, लाकडाचं काम आहे."

"दार का खाट?" आबांनी मान वर केली नाही.

"पंख."

"कुणाचं?"

"विमानाचे. मी विमान बांधतोय."

आबांचा रंधा चालूच. "बरं. डाक्टरला दावलं का?"

पण साहेब हटणारे नव्हते. गावाबाहेर एक बंद पडलेली पोल्ट्रीची शेड होती, रोगानं कोंबड्या मेल्यावर मालकानं टाकून दिलेली. तिच्यापुढं लांबलचक सपाट पडीक रान. साहेबांनी ती शेड भाड्यानं घेतली. दोन माणसं बसतील असं लहान विमान करायचं, धड लोखंडी नळ्यांचं, पंख लाकडाचे आणि वरून कापड. सुट्टीच्या दिवशी आणि वर्कशॉप बंद झाल्यावर साहेब तिथं यायचे. आम्हाला मात्र रोजचंच काम. हिमालयाकडून मागवलेलं फिकट, हलकं लाकूड बघून आबा म्हणाले, "ह्याच्यात तर जळण म्हणूनबी दम न्हाई." पंखाच्या आतून लांबीनं एक मोठी तुळई जाते, तिच्यावर माशाच्या काट्यांसारख्या बारीक फासळ्या. ती तुळईसुद्धा पोकळ, पेटीसारखी, चारी बाजूंनी पातळ प्लायवूडनं बंद केलेली. आबांना पोकळ हा शब्दच सहन व्हायचा नाही. रोज संध्याकाळी हत्यारं आवरताना ठरलेला संवाद:

"सायेब, ह्याच्यात एक बाभळीची पट्टी घालू का?"

"नको, मामा."

"बारकीच."

"मामा, जड झालं तर उडणार नाही."

"आन् मोडलं तर उडंल का?"

त्या शेडचा कोपरान् कोपरा पिसांनी भरलेला होता. कितीही झाडली तरी सांधा चिकटवायला घेतला की कुठून तरी एक पीस तरंगत यायचं आणि नेमकं गोंदावर बसायचं. साहेब चिमट्यानं ते काढायचे आणि पुन्हा पहिल्यापासून. गोंद त्यांचा स्वतःचा होता, पावडरीचा, पाणी घालून कालवायचा. सरसाला शेडमध्ये बंदी. प्रत्येक सांध्याबरोबर त्याच गोंदाचा एक नमुन्याचा तुकडा चिकटवायचा, त्यावर नाव घालायचं आणि दुसऱ्या दिवशी तो हातोडीनं फोडायचा. लाकूड फुटलं तर सांधा पास, गोंद सुटला तर नापास. मला ते फोडाफोडीचं काम फार आवडायचं. शाळेत असं असतं तर मी चौथी पास झालो असतो.

तर डाव्या पंखाच्या तुळईला मुळापासून हातभर अंतरावर एक जोड होता. दोन लाकडं तिरकी कापून एकावर एक चिकटवायची. आबांनी काप घेऊन ठेवला होता. साहेब इंजिन आणायला मुंबईला निघाले आणि जाताना सांगून गेले, "उद्या एवढा सांधा चिकटवून शिकंजे लावून ठेवा. मी आल्यावर पेटी बंद करायचीय." साहेब गेले आणि आबांनी बोटं मोजली. दुसऱ्या दिवशी अवस. अवसेला सुतार हत्याराला हात लावत नाही, हे साहेबांना ठाऊक नव्हतं आणि आबांना ते सांगावंसंही वाटलं नाही, इतकं ते उघड होतं. अवसेच्या सकाळी आबा पारावर जाऊन बसले. मी मात्र साहेबांचा लाडका व्हायला निघालेलो. मनाशी म्हटलं, करवत, रंधा, पटाशी ही हत्यारं. चिकटवणं म्हणजे काही हत्यार नव्हे. देवालाही हे पटेल. शेडमध्ये गेलो तर गोंदाच्या डब्याचं झाकण अर्धवट उघडं. आदल्या दिवशी मीच ठेवलेलं. आत पाणी सांडून पावडरीचा दगड झाला होता. मग घरी आलो. ही भाकरी थापत होती, शेजारी डबा बुडबुडत होता. हिनं विचारलं, "आज आवस, सरस कशाला?" मी म्हटलं, "स्टूल करायचंय." ते अगदीच खोटं नव्हतं. साहेबांना चहा प्यायला बसायला स्टूल करायचं बोलणं झालंच होतं. मी पंखाचा सांधा सरसानं चिकटवला, शिकंजे आवळले, आणि उरलेल्या सरसात, दुपारी, आधीच कापून ठेवलेले पाय बसवून ते स्टूल जोडलं. नमुन्याचा तुकडाही केला, बेइमानी नको म्हणून. साहेब मुंबईहून गोंदाचा नवा डबाही घेऊन परत आले, तुकडा फोडला, लाकूड फुटलं. पास. उन्हाळ्याचे दिवस, सरस वाळून दगड झालेला. मी मनात म्हटलं, बघा, उगाच त्या पावडरीचं कौतुक. त्याच सकाळी मला भोसरीला प्लायवूड आणायला पाठवलं आणि मी नसताना आबांनी तुळईची ती पेटी बंद करून टाकली.

उन्हाळा संपायच्या आत पंखांची परीक्षा झाली. पंख उलटा करून लाकडी घोड्यांवर मांडायचा, मूळ पक्कं आवळायचं आणि वरून वजन टाकत जायचं. हवेत वारा पंखाला वर दाबतो, म्हणून जमिनीवर उलटा करून खाली दाबायचा, असं साहेब समजावून सांगत होते. आबा म्हणाले, "उलट्या खाटंवर कोन झोपतो?" वजनाला वाळूची पोती हवी होती, पण वाळूचा ट्रॅक्टर आलाच नाही. माझा मामेभाऊ चाकणच्या बाजारात हमाल, तो कांद्याच्या गोण्यांची गाडी घेऊन आला. झालं, अख्खं गाव जमलं. गोणी तोलायची, पंखावर ठेवायची, साहेब कागदावर लिहायचे. पंख वाकायचा आणि बायका तोंडावर हात घ्यायच्या. एक म्हातारी शेडमध्ये आली आणि कांदा काय भावानं म्हणून विचारायला लागली. तिला कुणी काही सांगितलं तरी ती एक गोणी खाली उतरवा म्हणून हटून बसली. शेवटची गोणी चढली, पंख धनुष्यासारखा वाकला, कण्हला, आणि राहिला. गोण्या उतरवल्यावर पुन्हा सरळ. साहेबांनी आबांना मिठी मारली. आबांना आयुष्यात कुणी मिठी मारली नव्हती, ते हात खाली सोडून खांबासारखे उभे. तेव्हापासून गावात त्याचं नाव कांद्याचं विमान.

त्यानंतर कापड. पंखावर कापड ताणून फासळीफासळीला मेणाच्या दोऱ्यानं शिवायचं, आरपार, दर तीन बोटांवर गाठ. साहेबांना शिंपी मिळेना. भोसरीचा एक शिंपी येऊन बघून गेला आणि म्हणाला, मी माणसांचे कपडे शिवतो. तेव्हा आई म्हणाली, आमच्या सुनेची वाकळ बघा आधी. हिची वाकळ म्हणजे टाका कुठं सुरू झाला आणि कुठं संपला, सापडायचं नाही. पंख उभा केला. एका बाजूला ही, दुसऱ्या बाजूला आई. ही लांब सुई आरपार घालायची, आई पलीकडून ओढून परत द्यायची. मधे कापड, त्यामुळं एकमेकींचं तोंड दिसायचं नाही. सासू-सुनेची जेवढी म्हणून भांडणं साठली होती ती सगळी त्या पंखातून झाली.

"तुमच्या हातचं कालवण खारट असतंय, आत्याबाई."

"सुई दे. आन् तुझ्या आईनं तुला काय शिकिवलं?"

"तोंडावर खरं बोलायला शिकिवलं."

"तोंड कुठं दिसतंय? सुई दे."

दोन महिने हे चाललं. हिची बोटं दोऱ्यानं चिरली, हळद लावून लावून पिवळी झाली. पण पंख शिवून झाले तोवर दोघींचं असं गूळपीठ जमलं की पुढं आई जाईपर्यंत मला आणि आबांना त्या घरात कुणी विचारत नव्हतं. मग कापडावर वास मारणारं औषध चढवलं, ते वाळलं की कापड ढोलकीसारखं ताणतं. टिचकी मारली की टण्ण. एवढ्यात साहेबांच्या ध्यानात आलं की डावा पंख उजव्यापेक्षा जड भरतोय. त्यांनी पुन्हा तोलला, पुन्हा जड. वह्या भरल्या. कारण सापडेना. शेवटी उजव्या पंखाच्या टोकात शिसं बसवलं आणि तोल साधला, पण त्यांची झोप गेली ती गेलीच.

भादव्यात शेडमध्ये ओल अशी की भिंतीला हात लावला तर हात ओला. विमान उभं होतं, दसऱ्यानंतर उडवायचं ठरलेलं. सरकारी कागद येणार होते. साहेब चहाचा कप घेऊन स्टुलावर टेकले, आणि स्टूल चारी पाय चार दिशांना पसरून बसलं. साहेब खाली, चहा छातीवर. आबा हसले, आई हसली, साहेब स्वतः हसले. "मामा, कांद्याच्या चाळीस गोण्या पेलल्या आणि एक ब्राह्मण पेलवला नाही!" सगळे डोळे पुसत होते. मी एक पाय उचलून बघितला. खोबणीतला सरस ओला, चिकट, जेलीसारखा झालेला. बोटानं निघत होता. मी तो पाय हातात घेऊनच घरी आलो.

साहेब त्या पंखावर बसून वर जाणार होते. वर म्हणजे किती, ते मला ठाऊक नव्हतं. पण पोल्ट्रीच्या पत्र्यावरून पडलेला माणूस मी बघितला होता, आणि हे त्याहून वर असणार. बोलायचं तर कुणाशी? साहेबांशी बोललो तर पंख फाडावा लागणार, आबांशी बोललो तर अवसेला काम केल्याचं निघणार. दोन दिवस मी जेवलो नाही. तिसऱ्या सकाळी चुलीपुढं बसलो. ही भाकरी थापत होती.

"अगं, ते स्टूल."

"मोडलं. मग?"

"त्याच डब्यातला सरस पंखात आहे."

थापणारा हात थांबला. तव्यावरची भाकरी करपायला लागली, तरी हिनं उलथली नाही.

"कंच्या पंखात?"

"डाव्या."

"सायबाला सांगितलं?"

"नाही."

"मामंजींला?"

"नाही. दसऱ्यापर्यंत ऊन पडेल की. मग पुन्हा वाळेल."

हिनं माझ्याकडं बघितलं. त्या बघण्याचं वर्णन करत नाही, ज्यांची लग्नं झालीत त्यांना ठाऊक आहे. पिठाचे हात तसेच पदराला पुसले, देवळीतली कात्री घेतली आणि निघाली. मागं आई ओरडतेय, भाकरी करपली, मी मागं धावतोय, अगं थांब, अगं ऐक. शेडमध्ये साहेब डाव्या पंखावर मन लावून काळी अक्षरं रंगवत होते. ही त्यांच्या शेजारी उभी राहिली, कात्रीचं टोक कापडात घातलं आणि पंखाच्या मुळापासून टर्रकन् हातभर फाडलं.

"बाई! अहो बाई! काय करताय!" साहेबांच्या हातातला ब्रश खाली.

"टाकं माझं हायेत, मीच काढते." दुसरा टाका कापला, तिसरा कापला. मग माझ्याकडं बोट. "ह्यांना कायतरी सांगायचंय तुम्हाला. मला सांगाया जमलं, तुम्हालाबी जमंल."

मी सांगितलं. अवसेपासून स्टुलापर्यंत, एका दमात. साहेब बसायला गेले, स्टूल नव्हतं, मग जमिनीवरच बसले. तेवढ्यात आईनं पाठवलेले आबा आले. त्यांनी पुन्हा सगळं ऐकलं. माझा गाल तयारच होता.

"तू अवसंला काम केलंस?" आबा म्हणाले.

"मामा, अवस राहू द्या," साहेब ओरडले. "सरस! सरस घातलाय त्यानं तुळईत!"

"सरसाचं मला म्हाईत हाय. पेटी बंद करताना वास आला की."

साहेब सावकाश उठले. "मामा. वास आला. मग तुम्ही काय केलंत?"

"काय करनार? बाभळीची पट्टी घातली."

साहेबांनी स्वतःच्या हातानं पेटीचं प्लायवूड उचकटलं. आत होती. हातभर लांब, दोन बोटं जाड, काळीभोर, आणि तुळईच्या आरपार भोकं पाडून बैलगाडीचे दोन बोल्ट ठोकलेले. "चार घालायचं व्हतं," आबा म्हणाले, "दोन बसलं न्हाईत." साहेबांनी डोकं धरलं. "डावा पंख जड का भरतो म्हणून मी वह्या भरून भरून वेडा झालोय! उजव्यात शिसं घातलंय मी, मामा! शिसं!"

"मला इचारायचं," आबा म्हणाले.

मी तिथं उभा होतो आणि खरं सांगतो, माझा जीव भांड्यात पडला होता. मला वाटलं, वाचलो, बापानं वाचवलं, बाभूळ आहे तोवर काळजी नाही. आबांच्याही चेहऱ्यावर तेच होतं. साहेबांनी मग एक बारीक लांब काडी घेतली, तिच्या मधोमध एक जाड तुकडा घट्ट बांधला आणि दोन्ही टोकं धरून वाकवली. काडी मोडली. जाड तुकड्यापाशी नाही, तो जिथं संपत होता तिथंच, कडेला. आबांनी काडी हिसकावून घेतली. स्वतः दुसरी बांधली. तिथंच मोडली. तिसरी मोडली. मग साहेबांनी एका काडीला भोक पाडलं आणि वाकवली, ती भोकातून गेली. साहेब एवढंच म्हणाले, "पंखानं कांदे पेलले, ते एकदा. रोज वाकला की इथून चिरत जाणार." आबांनी पटाशी सरसाच्या सांध्यात नुसती टेकवली, ठोकली नाही, आणि सांधा भिजल्या बिस्किटासारखा उघडला. आबा पटाशी तिथंच ठेवून घरी गेले. आबांनी हत्यार मागं ठेवून जावं, हे मी जन्मात पहिल्यांदा बघितलं.

तीन दिवस घरात रंधा चालला नाही. चौथ्या दिवशी सकाळी रंध्याचं पातं घासायचा आवाज आला, आणि तो दुपारपर्यंत थांबला नाही. मग शेडमध्ये गेले, तुळईचा तेवढा भाग कापून टाकला, नवीन लाकूड घेतलं. साहेब म्हणाले, जाडीच्या बारापट लांब उतार हवा. आबांनी तो रंध्यानं असा काढला की दोन लाकडं एकमेकांवर ठेवल्यावर मधून उजेड दिसेना. सांध्यावर दोन्ही बाजूंनी त्याच हलक्या लाकडाच्या पट्ट्या, पण टोकांना निमुळत्या होत जाणाऱ्या, कागदासारख्या. बोल्ट नाही, भोक नाही, साहेबांचा ताजा गोंद, आणि उजव्या पंखातलं शिसंही बाहेर. आबांनी पट्टीच्या टोकावरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, "हे आधी दावलं असतं तर बाभळ घातली नसती."

"आधी सांगितलं असतं तर ऐकलं असतं?"

"न्हाई," आबा म्हणाले.

मला शिक्षा म्हणजे नमुन्याचे तुकडे. एकाच्या जागी दहा, आणि पाच पाण्यात भिजवून फोडायचे. त्यातल्या एकातही गोंद सुटला नाही, तरी साहेबांनी पुन्हा पाच करायला लावले. कांद्याच्या गोण्या पुन्हा आल्या, ती म्हातारीही आली. हिनं पंखाचा तेवढा भाग परत शिवला, आणि शिवत होती तेवढे दिवस माझ्याशी थेट बोलली नाही. "आत्याबाई, त्यांना म्हणावं भाकरी वाढलीय." मी समोरच बसलेला.

दसरा झाला, कागद आले. एका सकाळी साहेब एकटे बसले, इंजिन फटफटलं, आणि कांद्याचं विमान त्या पडीक रानावरून धावत जाऊन वर गेलं. असं ऐकलं. मी शेडच्या मागं होतो. पोट बिघडलं होतं. आठवडाभर साहेब रोज उडाले आणि रोज माझं पोट बिघडलं. मग रविवारी गाव जमलेलं असताना साहेबांनी शेजारच्या सीटवर थाप मारली. "चल रे, सांधेवाल्या. बस."

मी म्हटलं, "साहेब, माझं पोट."

"तुझा सांधा आहे. तूच बसायला हवं."

"सांधा आबांचा आहे."

आबा म्हणाले, "मी न्हाई बसनार. माझी पट्टी काढली."

लोक हसायला लागले. मी पायांकडं बघत राहिलो. तेवढ्यात बायकांतून ही पुढं आली, नऊवारीचा काष्टा आवळत. "मी बसते." आईनं किंकाळी फोडली. साहेबांनी आबांकडं बघितलं. आबांनी टोपी काढली, डोकं खाजवलं, टोपी घातली. "बसू द्या. पंख तिनं फाडला म्हणून तुम्ही जित्तं हाय." हिनं पाय टाकला, बसली, साहेबांनी पट्टा आवळला. मला वाटलं माझ्याकडं बघेल. बघितलं नाही. इंजिनाचा आवाज झाला, धूळ उडाली, आणि माझी एकोणीस वर्षांची बायको त्या डाव्या पंखाशेजारी बसून वर गेली. मी होतो तिथंच खाली बसलो. किती वेळ गेला ते मला विचारू नका. मी पंख मोडल्याचा आवाज ऐकत होतो. आधी कडकन् होईल की कापड टरकेल, एवढंच डोक्यात. प्रत्येक फासळी, प्रत्येक गाठ मला आठवत होती, फक्त तो सांधा आठवत नव्हता. मग लोकांचा गलका झाला, चाकं जमिनीवर आपटली, आणि ही खाली उतरली. अंबाडा सुटलेला, तोंडावर धूळ, डोळ्यांतून पाणी, आणि दात सगळे बाहेर. बायका गोळा झाल्या. चाकणचा किल्ला केवढा दिसला, नदी कशी दिसली, कुणाच्या रानात कांदा जास्त आहे, सगळं सांगितलं. माझ्याशी चकार शब्द नाही.

संध्याकाळी ताट वाढलं तेव्हा मीच विचारलं, आई मधे नसताना. "भीती नाही वाटली?"

"कशाची? टाकं मी मोजल्यालं व्हतं."

"वरून काय दिसलं?"

"समदी मानसं वर त्वांड करून उभी. येक गडी तेवढा डोक्यावर हात घिऊन मातीत बसल्याला. सायेब म्हनले, तो कोन हो? म्या म्हनलं, वळखीचा न्हाई."

हे ती पुढं आल्यागेल्या प्रत्येकाला सांगायची. सोयऱ्यांना, शेजाऱ्यांना, या फ्लॅटमध्ये सूनबाईच्या माहेरच्यांना. ती सांगायला लागली की मी उठून गॅलरीत जायचो. पन्नास वर्षं उठून गेलो. एकदा तरी बसून ऐकायला पाहिजे होतं.